क्षणजीवी वायूचे मोजमाप

‘पायात खिळा गेला आणि जखम सेप्टिक झाली,’ असे आपण सहज बोलून जातो. त्या बोलण्यात सेप्टिक म्हणजे चिघळलेली, पू धरलेली जखम. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही सडणे, कुजणे असाच आहे. पण वैद्यकात ज्याला सेप्सिस म्हणतात, ते दुखणे जखमेपाशी थांबत नाही. न्यूमोनिया असो, मूत्रमार्गातला जंतुदोष असो, फुटलेले अपेंडिक्स असो, वा एके काळी घरोघर बाळंतिणींचा बळी घेणारा सूतिकाज्वर असो. जंतूंशी लढता लढता शरीराचा प्रतिकारच बेताल होतो आणि स्वतःच्या अवयवांवर उलटतो. २०१६ साली तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या ठरविली तिचा मथितार्थ हाच आहे. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना हे दुखणे झाले आणि १ कोटी १० लाख माणसे त्याच्याशी निगडित कारणांनी दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यावरून या विषयाची निकड ध्यानात यावी.

अशा रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिले म्हणजे एक विसंगती नजरेत भरते. अपघातात रक्त वाहून गेलेल्या माणसाचे हातपाय गार पडतात, कारण उरलेले रक्त राखून ठेवण्यासाठी शरीर आपल्या रक्तवाहिन्या आवळून घेते. सेप्सिसच्या रुग्णाचे हातपाय पुष्कळदा सुरुवातीस चांगले उबदार असतात, नाडी वेगाने चालते, आणि तरीही रक्तदाब घसरत जातो. रक्त कोठे सांडलेले नसते. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढविल्या तरी दाब सावरत नाही. रक्त होते तेवढेच राहावे आणि ते ठेवण्याचे भांडेच मोठे व्हावे, असा हा प्रकार आहे. रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात.

त्या कोण सैल करतो? या प्रश्नाच्या उत्तरात एका वायूचे नाव पुढे आले. तो वायू कोणता, तो मोजतात कसा, आणि त्या मोजमापावर भिस्त किती ठेवावी, एवढेच तीन प्रश्न आम्ही येथे घेणार आहोत. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याच्याशी माणसांच्या प्राणांचा संबंध आलेला आहे.

रक्तवाहिन्यांचा निरोप्या

नायट्रिक ऑक्साइड हा अगदी साधा वायू. नत्राचा एक अणू आणि प्राणवायूचा एक अणू, एवढाच त्याचा संसार. आकाशात वीज कडाडते तेव्हा तो तयार होतो, मोटारीच्या धुरातही तो असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी हुंगवितात तो ‘हसविणारा वायू’ याचा भाऊबंद असला तरी वेगळा. असा धुरातला वायू माणसाच्या शरीरात काही उपयोगाचा असेल, असे १९८० पर्यंत फारसे कोणाच्या मनात आले नव्हते.

त्या साली अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी झावाड्स्की यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. धमनीच्या आतल्या बाजूस पेशींचे एक पातळ अस्तर असते. हे अस्तर शाबूत असले तर अॅसिटिलकोलीन हे द्रव्य लावताच धमनी सैल पडे. तेच अस्तर घासले जाऊन निघून गेले असले तर ती सैल पडत नसे. अर्थात अस्तराच्या पेशी कोणता तरी निरोप आतल्या स्नायूंकडे धाडीत असल्या पाहिजेत. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे पुढे १९८६-८७ च्या सुमारास स्पष्ट झाले. नायट्रोग्लिसरीन हे हृदयविकाराचे जुने औषध हाच वायू सोडून काम करते, हे फरीद मुराद यांनी १९७७ सालीच दाखविले होते. फर्चगॉट, मुराद आणि लुई इग्नारो या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनविले, त्याला अखेरच्या काळात डॉक्टरांनी हृदयासाठी तेच द्रव्य घ्यावयास सांगितले होते, हा योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे.

हा वायू शरीर कशापासून बनविते? आर्जिनीन नावाचे एक अमिनो आम्ल आहे. डाळी, दाणे, दूध, मांस यांतील प्रथिनांतून ते आपल्याला मिळते आणि काही अंशी शरीरही ते तयार करते. एक विशिष्ट विकर या आर्जिनीनमधून नत्राचा एक अणू काढून घेते व त्याचा प्राणवायूशी संयोग घडविते. मागे उरते ते सिट्रुलिन. या विकराच्या दोन जाती नेहमीच हजर असतात आणि गरजेपुरता, थेंबाथेंबाने वायू पुरवितात. तिसरी जात एरवी जवळजवळ नसते. जंतूंची चाहूल लागली की काही तासांत ती निर्माण होते, आणि मग वायूचा पुरवठा तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस चालू राहतो. रक्तवाहिन्या सैल पडण्याचे कोडे येथे सुटल्यासारखे वाटते. परंतु वाटणे आणि मोजून दाखविणे यांत अंतर आहे.

लघवीतला सोरा

मोजमापाची गोष्ट खरे पाहता वायूच्या शोधाहून जुनी आहे. बंदुकीच्या दारूत घालतात तो सोरा आपल्या परिचयाचा आहे. तो नायट्रेट या जातीचा क्षार. माणसाच्या लघवीतही नायट्रेट असते. ते अन्नातून येते आणि तसेच बाहेर पडते, अशी समजूत होती. १९१६ साली मिचेल, शॉनल आणि ग्रिंडली या तीन अमेरिकन संशोधकांनी जमाखर्च मांडून दाखविले की पोटात जाते त्यापेक्षा अधिक नायट्रेट लघवीवाटे बाहेर येते. म्हणजे काही भाग शरीरातच तयार होत असला पाहिजे. हे निरीक्षण पुढे कित्येक वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

१९८० च्या आसपास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत स्टीव्हन टॅननबॉम यांच्या गटाने हाच जमाखर्च पुन्हा हाती घेतला. स्वयंसेवकांना मोजूनमापून अन्न द्यावयाचे आणि त्यांच्या लघवीतले नायट्रेट मोजावयाचे, असा तो प्रयोग होता. त्यांपैकी एकाला मध्येच ताप आणि जुलाब सुरू झाले. त्याच्या लघवीतले नायट्रेट एकाएकी कितीतरी वाढले. असा आजारी माणूस प्रयोगातून वगळून टाकणे सोपे होते. या मंडळींनी तसे केले नाही. त्यांनी त्याचाच माग काढला. १९८३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांना कोलाय जंतूचे विष टोचले असता लघवीतले नायट्रेट सुमारे नऊपट होते. दोन वर्षांनी स्टूअर आणि मार्लेटा यांनी दाखविले की हे नायट्रेट व त्याचे धाकटे भावंड नायट्राइट जंतुभक्षक पांढऱ्या पेशी बनवितात. रक्तवाहिन्यांचा अभ्यास करणारे आणि लघवीचा अभ्यास करणारे अशा दोन वाटांनी निघालेले लोक एकाच वायूपाशी येऊन मिळाले.

राखेवरून आगीचा अंदाज

आता मोजण्याची अडचण पाहू. नायट्रिक ऑक्साइड शरीरात काही सेकंदच टिकतो. रक्तात शिरला तर तेवढाही टिकत नाही. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन त्याला सेकंदाच्या अल्पांशात पकडते आणि त्याचे नायट्रेट होऊन जाते. रुग्णाच्या शिरेतून रक्त काढून नळीत घेईपर्यंत मूळ वायू नाहीसा झालेला असतो. मागे राहतात नायट्राइट व नायट्रेट, आणि त्यातही मुख्यत्वे नायट्रेट. चुलीतला विस्तव विझल्यावर राख किती पडली यावरून लाकूड किती जळाले हे ताडावे, तसे हे काम आहे.

ही राख मोजण्याची सर्वांत प्रचलित रीत एका मद्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या रसायनज्ञाने शोधली आहे. पीटर ग्रीस हा जर्मन गृहस्थ इंग्लंडमध्ये बर्टन या गावी बीअरच्या कारखान्यात होता. त्याने १८७९ साली नायट्राइट ओळखण्याची कसोटी दिली. आज तिचे रूप असे आहे: नमुन्यात सल्फानिलॅमाइड आणि नॅफ्थिल-एथिलीन-डायअमीन ही दोन द्रव्ये आम्लाबरोबर घातली की, नायट्राइट असल्यास गुलाबी ते जांभळट रंग चढतो. रंग जितका गडद तितके नायट्राइट अधिक. ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश त्यातून किती शोषला जातो हे यंत्राने वाचतात. लघवीत जंतुदोष आहे की काय हे पाहण्यासाठी दवाखान्यात जी कागदी पट्टी बुडवितात, तिच्यावरील नायट्राइटची चौकटही याच तत्त्वावर रंग बदलते.

परंतु ही कसोटी नायट्रेटला दाद देत नाही. म्हणून आधी नायट्रेटचे नायट्राइट करून घ्यावे लागते. त्यासाठी बुरशीपासून काढलेले विकर किंवा कॅडमियमसारखा धातू वापरतात. दुसरी रीत अधिक सूक्ष्म आहे. तीत व्हॅनेडियम क्लोराइडच्या तापविलेल्या द्रावणात नमुना सोडून नायट्रेटचा पुन्हा वायूच बनवितात आणि तो ओझोनशी भिडवितात. त्या संयोगात क्षीण तांबूस प्रकाश निघतो. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश यंत्र मोजते.

दोन्ही रीतींत चुका होण्याच्या जागा पुष्कळ आहेत. काचेची भांडी, गाळण्याचा कागद, रक्त घेण्याच्या नळ्या, इतकेच काय, प्रयोगशाळेतले पाणी यांतही नायट्राइट-नायट्रेटचा अंश असू शकतो. रक्तातील प्रथिने काढून टाकली नाहीत तर द्रावण गढूळ राहते आणि रंगाचे वाचन फसते. लघवी तशीच उबेत ठेवली तर तिच्यातले जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात. यास्तव प्रत्येक खेपेस नमुन्याशिवायचे कोरे द्रावणही मोजून ते वजा करावे लागते. हे सर्व सांभाळणे हाताच्या शिस्तीवर अवलंबून आहे. आकडा यंत्रातून आला म्हणजे तो शुद्ध असतो, असे समजणे बरे नाही.

हौद, नळ आणि मोरी

समजा, राख अचूक मोजली. तरीही एक मोठी फसगत शिल्लक राहते, आणि तीच या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे. रक्तातले नायट्रेट म्हणजे पातळी. आपल्याला हवे आहे ते उत्पादन. हौदात पाणी किती उंच आहे, एवढ्यावरून नळाची धार किती मोठी आहे हे सांगता येत नाही. मोरी तुंबली असेल तर बारीक धारेनेही हौद भरतो. शिवाय कोणी बाहेरून घागरी आणून ओतीत असेल, तर धार बंद असूनही पातळी चढते.

शरीराच्या हौदाची मोठी मोरी म्हणजे मूत्रपिंड. तयार झालेल्या नायट्रेटपैकी सुमारे साठ टक्के लघवीवाटे जाते. मूत्रपिंड ठीक असल्यास रक्तातले नायट्रेट पाच ते आठ तासांत निम्म्यावर येते. सेप्सिसमध्ये मूत्रपिंड लवकर थकते. म्हणजे नेमक्या ज्या रुग्णाचे मोजमाप हवे, त्याचीच मोरी तुंबलेली असते. बाहेरच्या घागरी म्हणजे अन्न. निरोगी माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे एक मिलिमोल, म्हणजे साठेक मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते. पालक, माठ, मुळा, बीट या भाज्यांत नायट्रेट भरपूर असते. पालकाची एक वाटी भाजी या साठ मिलिग्रॅमांना सहज मागे टाकते. भाजी खाण्यात काही वावगे नाही. मात्र काल रात्री पालक खाल्लेल्या माणसाचे आज सकाळचे रक्त तपासून त्याला जंतुदोष आहे असे म्हटले, तर ती तपासणाऱ्याची चूक. नायट्रोग्लिसरीनसारखी औषधेही पातळी वाढवितात, आणि शिरेतून दिलेले लिटरच्या लिटर पाणी ती पातळ करते.

हे आकड्यांत पाहू. दोन रुग्ण कल्पनेने घेऊ. दोघांचेही वजन ६० किलो, दोघांचेही पोट उपाशी, आणि दोघांच्याही रक्तात नायट्रेट लिटरमागे १०० मायक्रोमोल. निरोगी माणसात हा आकडा साधारणपणे २० ते ५० असतो, तेव्हा दोघांचाही वाढलेला आहे. नायट्रेट शरीरातल्या सुमारे १८ लिटर द्रवात पसरते असे धरू. पहिल्याची बारा तासांची लघवी जमविली, तीत १.२ मिलिमोल नायट्रेट निघाले, आणि रक्तातला आकडा होता तेथेच राहिला. दुसऱ्याला लघवी जवळजवळ झालीच नाही. त्याचा आकडा बारा तासांत ९६ वरून १०४ वर गेला. आठ मायक्रोमोलची वाढ गुणिले अठरा लिटर, म्हणजे अवघे ०.१४ मिलिमोल. नायट्रेट जाण्याच्या बाकीच्या वाटा दोघांत सारख्या धरल्या, तर पहिल्याच्या शरीरात बारा तासांत एक मिलिमोलहून अधिक जास्तीचे उत्पादन झाले. निरोगी माणूस सबंध दिवसात बनवितो तेवढा हा फरक आहे. रक्ताच्या एका नमुन्यात मात्र दोघे अगदी सारखे दिसले होते.

यावर उपाय आहेत. रुग्णाचे पोट किती तास रिकामे आहे हे टिपून ठेवावे. ठरावीक तासांची सबंध लघवी जमवावी, किंवा निदान लघवीतल्या नायट्रेटचे क्रिएटिनीनशी प्रमाण काढावे. मूत्रपिंडाचे काम किती मंदावले आहे याचा हिशेब धरावा. हा हिशेब केल्याने काय घडते याचे एक चांगले उदाहरण टांझानियातील आहे. तेथील मुलांच्या हिवतापावर अॅन्स्टी आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली काम प्रसिद्ध केले. मेंदूच्या हिवतापात हा वायू बेसुमार वाढून मूल बेशुद्ध होत असावे, असा तर्क त्या काळी केला जाई. आहार आणि मूत्रपिंड यांचा हिशेब धरून मोजले तेव्हा उलटेच आढळले: दुखणे जितके गंभीर, तितके वायूचे उत्पादन कमी.

डाग दिलेला नत्र

जत्रेच्या बाजारात हजार जनावरांत आपले जनावर ओळखू यावे म्हणून शेतकरी त्याला डाग देतो. तीच युक्ती रसायनशास्त्रात करता येते. निसर्गातला बहुतेक नत्र चौदा वजनाचा असतो. पंधरा वजनाचा नत्र फार थोडा. हा जड नत्र किरणोत्सर्गी नसल्यामुळे माणसाला अपाय करीत नाही. वायू बनताना आर्जिनीनच्या ज्या टोकाचा नत्र काढला जातो, त्या टोकाशी जड नत्र बसविलेले आर्जिनीन शिरेतून सावकाश देतात. पुढे त्याच डागाचे सिट्रुलिन रक्तात आणि त्याच डागाचे नायट्रेट लघवीत किती उतरले हे मोजतात. पालकातल्या नायट्रेटवर हा डाग नसतो. त्यामुळे बाहेरच्या घागरी आपोआप वगळल्या जातात आणि नळाची धार बऱ्याच अंशी प्रत्यक्ष मोजता येते.

ही रीत खर्चाची आहे, वेळखाऊ आहे, आणि अत्यवस्थ रुग्णावर तासन्‌तास राबविणे कठीण आहे. म्हणून असे अभ्यास थोड्या रुग्णांवरच झाले. त्यांनी चित्र बदलले एवढे खरे. १९९१ साली ओचोआ आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या विभागातील रुग्णांत दाखविले होते की सेप्सिसमध्ये रक्तातले नायट्राइट-नायट्रेट वाढते, नुसत्या मोठ्या जखमांत वाढत नाही. त्यावरून सेप्सिस म्हणजे वायूचा महापूर, असे समीकरण रूढ झाले. परंतु २००९ साली लायकिंग आणि सहकाऱ्यांनी डागाच्या रीतीने पाहिले तेव्हा सेप्सिसच्या रुग्णांत सिट्रुलिनची निर्मिती खालावलेली आढळली, आणि तिच्याबरोबर शरीरात नव्याने होणारे आर्जिनीन व त्यापासून होणारा वायू यांचीही. ज्या लाकडावर चूल चालावयाची, त्याचाच तुटवडा पडलेला.

मग महापूर की दुष्काळ? आमच्या मते हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. एखाद्या गावाला दररोज किती पाणी मिळते याची सरासरी काढली, तर एका आळीत पूर आला आहे आणि दुसऱ्या आळीत घागर भरत नाही, हे त्या सरासरीत दिसत नाही. मोठ्या रक्तवाहिन्या वायूने सैल पडलेल्या, आणि त्याच वेळी केशवाहिन्यांच्या अस्तरापाशी वायूची चणचण, असे एकाच शरीरात संभवते. शिवाय उंदीर आणि माणूस यांतही फरक आहे. उंदराच्या जंतुभक्षक पेशी जंतुविषाने चटकन भरपूर वायू सोडतात; माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत तसे सहजी करीत नाहीत. उंदरातला नऊपट आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मोजण्याआधीच ध्यानात ठेवावयास हवे होते.

अपुऱ्या मापाची किंमत

या सूक्ष्म हिशेबाचा रुग्णाला काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका उपचाराच्या इतिहासात आहे.

वायू बनविणाऱ्या विकराला अडविणारे एक औषध आहे. त्याचे संक्षिप्त नाव एल-एनएमएमए. १९९१ साली लंडनमध्ये ते सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या दोन रुग्णांना देण्यात आले, आणि त्यांचा दाब वर आला. आशा वाटणे स्वाभाविक होते. वायू जास्त झाला म्हणून दाब पडतो, वायू अडवा म्हणजे दाब चढेल, दाब चढला म्हणजे रुग्ण वाचेल, अशी ती साखळी. तिच्यातल्या पहिल्या दोन कड्या जुळल्या. त्यानंतर अनेक देशांतील ७९७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. काहींना औषध, काहींना औषधाविना नुसते द्रावण, आणि कोणाला काय हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही, अशी ती काटेकोर होती. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अठ्ठावीस दिवसांत औषध न मिळालेल्यांपैकी ४९ टक्के दगावले, औषध मिळालेल्यांपैकी ५९ टक्के. रक्तदाब सुधारला आणि माणसे मात्र अधिक मेली. हृदय व रक्ताभिसरण ढासळून होणारे मृत्यू वाढले.

येथे कोणावर दोष ठेवण्याचा आमचा हेतू नाही. चाचणी झाली नसती तर हे औषध आज सर्रास दिले गेले असते, आणि त्याचे बळी कोणी मोजलेही नसते. तिसरी कडी सांधलेली आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते, हाच धडा घ्यावयाचा. ते औषध विकराच्या तिन्ही जातींना सरसकट अडवीत होते. जो थेंबाथेंबाचा पुरवठा हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतो, तोही त्याने तोडला. शिवाय कोणत्या रुग्णात वायूचा अतिरेक आहे आणि कोणात तुटवडा, हे ओळखून औषध देण्याचे साधन खाटेपाशी नव्हते. ते आजही नाही. अलीकडे मेथिलीन ब्लू या जुन्या निळ्या रंगद्रव्याचा सेप्सिसमध्ये पुन्हा विचार होत आहे. ते वायूच्या निरोपाची पुढची पायरी अडविते. २०२३ साली मेक्सिकोतील ९१ रुग्णांच्या चाचणीत ते लवकर दिल्याने दाब वाढविणाऱ्या औषधांची गरज लवकर संपली. निकाल आशा वाटावी असा आहे. पण एकदा दाबाच्या आकड्याने फसलेल्यांनी येथे मोठ्या चाचण्यांची वाट पाहावी, हेच रास्त.

खाटेपाशी काय पाहावे

तोवर अतिदक्षता विभागातले डॉक्टर वायूच्या आकड्यावर निर्णय घेत नाहीत. ते रुग्णाचा सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली जाऊ देत नाहीत, रक्तातले लॅक्टेट पाहतात, तासागणिक लघवी मोजतात, आणि जंतुनाशक औषध शक्य तितक्या लवकर, दाब कोसळलेला असल्यास तासाभराच्या आत देण्याची धडपड करतात. यांतली लघवीची मोजणी तर साध्या मापाच्या भांड्याने होते. घरच्या माणसांनीही एवढे लक्षात ठेवावे: जंतुदोष झालेला माणूस असंबद्ध बोलू लागला, धापा टाकू लागला, त्याला हुडहुडी भरली, लघवी कमी झाली किंवा उठून बसवेना, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. हातपाय उबदार आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. ते उबदार का असतात हे आपण आताच पाहिले.

शास्त्रात मोजमापाला मोठा मान आहे आणि तो योग्यच आहे. ज्या एका तापकरी स्वयंसेवकाचे नायट्रेट मोजून ठेवले गेले, त्याच्यामुळे हा सारा विषय उभा राहिला. परंतु पुढ्यात आलेला आकडा कशाचा आहे, हौदाचा की नळाचा, एका आळीचा की सबंध गावाचा, एवढे विचारल्यावाचून तो वापरू नये. रुग्णाच्या कागदावर ‘नायट्रेट १००’ असे कोणी लिहून दिले, तर शहाण्या डॉक्टरने आधी दोन गोष्टी विचाराव्या: याने काल काय खाल्ले, आणि याला लघवी किती झाली?